सरांचा फोन, कानातली गाणी अन् आर्णी-दिग्रस रोड

पत्र असं आहे:

"मावशी नमस्कार. माझं वय २७, आर्णीजवळच्या गावात राहतो. बियाणं-औषधीच्या कंपनीत फिल्डवर आहे, आर्णी, दिग्रस, दारव्हा असं रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर गाडीवर होते. दिवसभर फोन चालूच राहतात, सरांचे, कृषी केंद्रवाल्यांचे, शेतकऱ्यांचे, नाही उचलला तर सर चिडतात. म्हणून ब्लूटूथ कानात घालूनच गाडी चालवतो अन् परत येताना गाणे लावतो, गाणे नसले तर झोप येते. मागच्या महिन्यात सरांशी बोलत होतो तर समोरून रोही आडवा गेला, मले तो गेल्यावर दिसला. घरी सांगितलं तर बायको म्हणते कानातलं काढून फेका. मले एवढंच सांगा, कोणता इअरफोन घेऊ म्हणजे बाहेरचंही ऐकू येईल, हेल्मेटमध्ये बसेल अन् कॉलही नीट होईल? हँडलला होल्डर लावू का? अन् लहान भाऊ १६ चा आहे, गाडी चालवत चालवत व्हिडिओ काढते, त्याले कसं समजावू?"

बाबू, तुझं पत्र दोनदा वाचलं. तू इअरफोनचं विचारलं, त्याचं उत्तर देते, पण आधी तुझ्या त्या एका वाक्याबद्दल बोलते, "रोही गेल्यावर दिसला", कारण ते वाचून माझ्या अंगावर काटा आला.

रोही म्हणजे नीलगाय, काही ससा नाही, घोड्याएवढं धूड असते. तुझे डोळे उघडे होते, नजर समोर होती, दोन्ही हात हँडलवर होते, फोन कानात होता हातात नव्हता, म्हणजे लोक ज्याला सेफ म्हणतात ते सगळं तू केलं होतं. तरी दिसला नाही. काहून? कारण त्या टायमाला तुझं डोकं दारव्ह्याची उधारी किती, टार्गेट कुठवर आलं, सरांना काय सांगू न काय नको यात होतं अन् डोळे जे पाहून राहिले होते ते डोक्यापर्यंत पोचतच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याचा अपघात व्हायची शक्यता साधारण चारपट असते, अन् हँड्सफ्री वापरला म्हणून त्यात फार काही फरक पडत नाही. हे लोकांना पटत नाही, म्हणतात मग मागं बसलेल्या माणसाशी बोलतो त्याचं काय? अरे, मागं बसलेल्याला समोरचा ट्रक दिसते ना, तो आपोआप गप्प होते, नाहीतर म्हणते हळू घे बाबा. सरांना तिकडं बसून काहीच दिसत नाही, ते बोलतच राहतात अन् तू वळणावर सुद्धा "हो सर, हो सर" करत राहते.

मी ३० वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं कॅज्युअल्टीत गेली, म्हणून हे पोटतिडकीनं लिहून राहिली आहे. २०२२ साली देशात रोडवर १,६८,४९१ माणसं गेली अन् त्यातले शंभरातले ४४-४५ दुचाकीवाले होते. हे आकडे मी नंतर वाचले, पण रात्रपाळीला स्ट्रेचरवर कोण येते हे मी आधीच पाहिलं होतं, बहुतेक तुझ्याच वयाचे पोट्टे. अन् मी स्वतः पण यातून सुटली नाही. २०१३ च्या मे महिन्यात स्कूटीवर ड्युटीला चालली होती, तोंडाला दुपट्टा बांधलेला अन् त्यातच कानाजवळ फोन खोसलेला, आपल्याकडं उन्हाळ्यात कितीतरी बाया-माणसं असंच करतात. बहिणीचा फोन होता, पापडाच्या उडदाच्या डाळीबद्दल. स्पीडब्रेकरला पट्टे मारलेले नव्हते पण मी तो रोज ओलांडत होती, मला तो पाठ होता, तरी त्या दिवशी आठवला नाही. उजवा टोंगळा फुटला, सहा आठवडे प्लास्टर. बहीण आजही म्हणते माझ्यामुळं झालं, अन् मी तिला दरवेळेस सांगते की फोन तू केला पण उचलला मी.

आता कानाचं. आपल्या रोडवर कान किती काम करतात ते जरा आठवून पाहा. दिवस बुडाल्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली चाललेली असते, तुराट्या नाहीतर कापसाचे गाठोडे भरलेले, मागं ना लाइट ना रेडियम, ती दिसायच्या आधी तिचा आवाज येते. बैलबंडी असली तर बैलाच्या गळ्यातल्या घुंगराचा आवाज येते. मागून एसटी हॉर्न मारते म्हणजे ड्रायव्हर सांगून राहिला की मी ओव्हरटेक करतो, बाजूला हो, अन् कानात गाणं असलेला आपला मधातूनच चालते. तुझी स्वतःची गाडी पण बोलत असते, चेन सैल झाली की कटकट करते, ब्रेक लायनर संपत आलं की करकर करते, चाकात हवा कमी झाली तर चाकाचा आवाज बदलते, हे सगळं गाण्याखाली दबून जाते.

कोणी सांगते मी एकाच कानात घालतो, दुसरा मोकळा आहे. पण आवाज कोणत्या बाजूनं आला हे डोक्याला कळते ते दोन्ही कानांची तुलना करून, एक कान बंद झाला की हॉर्न ऐकू येते पण कुठून ते कळत नाही, माणूस डावीकडं पाहते अन् गाडी उजवीकडून येते.

अन् आवाज कमी ठेवतो म्हणशील तर तो कमी राहत नाही. गाडी ६०-६५ च्या पुढं गेली की हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज इंजिनपेक्षा मोठा होते, त्याच्यावरून गाणं ऐकू यायला पाहिजे म्हणून तू वाढवतेच, कळत पण नाही कधी वाढवला. आवाजाचा हिशोब असा आहे की ८५ डेसिबल असला तर ८ तास, ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, अन् १०० वर गेला की फक्त १५ मिनिटं, त्याच्यापुढं कानाला धोका सुरू होते. कानाच्या आत शंखासारख्या भागात बारीक केसावाल्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की परत तयार होत नाहीत, त्याला गोळी पण नाही अन् ऑपरेशन पण नाही. रात्री झोपायला गेल्यावर कानात कुईऽऽ असा आवाज येते का तुझ्या? येत असला तर कानाच्या डॉक्टरला दाखवून घे, हसण्यावारी नेऊ नको.

म्हणून कोणता घेऊ याचं उत्तर, गाडीसाठी कोणताच घेऊ नको. नॉइज कॅन्सलेशनवाला तर अजिबात नको, तो बाहेरचा आवाज मारायसाठीच बनवला आहे. बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड असते काहींमध्ये, तो घरात चांगला चालते, पण चालत्या गाडीवर त्याच्या माईकमध्ये वारा शिरते अन् नुसतं घर्रर्र ऐकू येते. कान उघडा ठेवून हाडावरून आवाज देणारे पट्टे पण मिळतात, ते कान झाकत नाहीत हे खरं पण हेल्मेटखाली नीट बसत नाहीत, अन् बसले तरी कॉल तो कॉलच, डोकं तिकडं जातेच. आणखी एक, कानातला टणक तुकडा अन् वरून टाइट हेल्मेट, पडला तर तो तुकडा कानावरच दाबला जाते. काही पोट्टे स्पीकर बसवायसाठी हेल्मेटच्या आतला थर्माकोल कापतात, ते तर करूच नको, डोक्याला लागणारा मार तोच थर्माकोल दबून खाते, बाहेरचं प्लास्टिक नाही. हेल्मेट आयएसआयवालंच घे, मागं आयएस ४१५१ लिहिलेलं असते, अन् दुपट्टा बांधला असला तर त्याची गाठ हेल्मेटच्या आत नको, गाठीनं हेल्मेट ढिलं बसते.

गाणे पूर्ण सोडून दे असं मी म्हणत नाही, मला माहीत आहे एकट्यानं एवढा रोड कापणं काय असते. दिवसाढवळ्या, सरळ मोकळा रोड असला अन् फोन बॅगेत ठेवून त्याच्याच स्पीकरवर बारीक आवाजात गाणं लावलं तर कान उघडे तरी राहतात. गाणे आधीच लाइनीनं लावून ठेव म्हणजे मधात बदलायला हात जाणार नाही. पण गावातून जाताना, जंगलाच्या पट्ट्यात, पावसात अन् दिवस बुडाल्यावर ते पण बंद.

आता झोपेचं, याची मला फोनपेक्षा जास्त काळजी वाटून राहिली. गाणे नसले तर झोप येते असं तू सहज लिहून गेला, पण बाबू झोप तर गाणे असले तरी येतच आहे, फक्त ती तुला कळत नाही. गाण्यानं झोप जात नाही, जरा वेळ दबते अन् मग एकदम येते. मागचे दोन किलोमीटर कसे आले ते आठवत नसलं, सारखी जांभई येत असली, गाडी आपोआप कडेला नाहीतर मधात सरकत असली तर तेवढ्यातच थांब. फाट्यावर चहाची टपरी पाहून चहा घे अन् तिथंच बाकड्यावर १५-२० मिनिटं डोळे मिट, चहाचा असर व्हायला पण तेवढाच वेळ लागते, दोन्ही बरोबर होतात. दुपारी जेवण करून २ ते ४ च्या मधात निघायचं टाळता आलं तर टाळ. अन् रोजच येत असली झोप तर तू रात्री किती झोपते ते पाहा, बायकोला विचार घोरतो का, कधी रक्त-साखर पण तपासून घे.

आता सरांचं, कारण मला कळते की हे सगळं ऐकून पण तू म्हणशील मावशी, नोकरी जाईल. नोकरी सांभाळूनच करायचं आहे. सरांना फोनवर नको सांगू, समोर भेटून सांग, जमलं तर रोहीची गोष्ट पण सांग. अशी भाषा वापर: "सर, मी कॉल टाळत नाही, गाडीवर असलो की उचलणार नाही पण दर अर्ध्या तासाला थांबून सगळ्यांना परत फोन करीन." सरांचा अर्धा फोन "कुठं आहेस" याचाच असते ना? तर सकाळी निघताना व्हॉट्सॲपवर त्यांना लाइव्ह लोकेशन ८ तासांचं पाठवून दे, एकदा पाठवलं की दिवसभर त्यांना दिसत राहते. बायकोला पण पाठव, तिचा "कुठवर आले" वाला फोन बंद होईल. अन् तिला माझ्याकडून सांग की तू फोन केला अन् यानं उचलला तर पहिला प्रश्न "गाडीवर आहे का?", हो म्हटलं की लगेच ठेवून द्यायचा. फोन करणाऱ्यानं ठेवला तर चालवणाऱ्याला सोपं जाते, नाहीतर आपल्या माणसाचा फोन कापायला हात धजत नाही.

फोनमध्ये डू नॉट डिस्टर्ब असते, ते गाडी सुरू करायच्या आधी लाव. त्यात एक सोय आहे, तोच माणूस थोड्याच वेळात दुसऱ्यांदा फोन करते तर तो फोन वाजू द्यायचा, अँड्रॉइडमध्ये १५ मिनिटांच्या आत दुसरा आला तर वाजते, आयफोनमध्ये ३ मिनिटांच्या आत. ते चालू करून ठेव अन् घरच्यांना सांगून ठेव की खरंच काही झालं असलं तर लागोपाठ दोनदा करा. म्हणजे बाकी फोनची तुला धाकधूक नाही, अन् दोनदा वाजला तर समजायचं की थांबायचं आहे. आयफोनवर ड्रायव्हिंगचा मोड लावला तर समोरच्याला आपोआप मेसेज पण जाते. नाहीतर एक मेसेज तयार ठेव, "गाडीवर आहे, पुढच्या फाट्यावर थांबून फोन करतो", थांबला की एकदाच सगळ्यांना टाक.

थांबायचं कसं हे पण सांगते कारण यातही माणसं गेलेली मी पाहिली. एक पोट्टा फोन आला म्हणून चांगला थांबला होता पण डांबरावरच, वळणाच्या तोंडाशी, अंधारात, मागून आलेल्या गाडीनं उडवला. तर इंडिकेटर दे, आरशात पाहा, डांबराच्या पूर्ण खाली उतर, वळण, पूल अन् चढाचं टोक सोडून थांब. रात्री उजेड असलेल्या फाट्यावर, नाहीतर पेट्रोल पंपावर. तेवढ्या पाच मिनिटांनी कोणाचं बियाणं वावरात पडायचं राहत नाही.

होल्डरचं थोडक्यात. तू रोजचा रोड चालते, तुला नकाशा लागत नाही, मग होल्डरवर फोन म्हणजे डोळ्यासमोर नोटिफिकेशन नाचत राहणार. नजर ३ सेकंद तिकडं गेली अन् गाडी ५० वर असली तर ४० मीटरच्या वर अंतर तू आंधळा गेला, साडेतीन एसटी एकामागं एक उभ्या केल्या तेवढं. नवीन गावाला जायचं असलं तर निघायच्या आधी रस्ता पाहून घे, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेव कारण आतल्या गावात रेंज नसते, अन् चुकलं असं वाटलं तर थांबून पाहा, नाहीतर धुऱ्यावरच्या माणसाला विचार, तो नकाशापेक्षा बरोबर सांगते. तरी लावायचाच असला होल्डर तर धक्के खाणारा घे, मोठ्या इंजिनच्या गाडीच्या थरथराटानं कॅमेरा खराब होऊ शकते हे ॲपलनं स्वतः २०२१ मध्ये सांगितलं होतं, अन् आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते तेव्हा उन्हात टांगलेला फोन तापून बंदच पडते.

कायद्याचं पण माहीत असू दे. २०२० पासून नियम असा आहे की गाडी चालवताना हातातला फोन फक्त रस्ता पाहायसाठी वापरायचा, तोही लक्ष विचलित होणार नाही असा. बाकी हातात धरून वापरला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ लागू शकते, पहिल्या वेळेस १ हजार ते ५ हजार दंड, कैद पण सांगितली आहे, अन् ३ वर्षांच्या आत परत सापडला तर दंड १० हजारांपर्यंत जाते.

आणखी एक काम आजच कर, हे तू विचारलं नाही पण मी कॅज्युअल्टीत सगळ्यात जास्त यासाठीच तळमळली आहे. माणूस बेशुद्ध असते, खिशात फोन असते, फोनला लॉक, आम्हाला घरी कळवायचं असते अन् कोणाला करावं कळत नाही, मग फोन वाजायची वाट पाहत बसायचं. फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी माहिती भरता येते, ती लॉक न उघडता दिसते. बायकोचा नंबर, तुझा रक्तगट, कशाची ॲलर्जी असली तर ती, एवढं भर. अन् १०८ तर तुला माहीतच आहे, पण कोणी पडलेला दिसला तर हेल्मेट ओढून काढू नको, मान हलू देऊ नको, तोंडात पाणी ओतू नको, १०८ लाव अन् त्याच्यापाशी थांब. श्वासच घेता येत नसला तरच हेल्मेट काढायचं, तेही दोघांनी मिळून, एकानं मान धरून.

राहिला भाऊ. १६ वर्षांच्या पोराला समजावायचं नाही, चावी काढून घ्यायची आहे. गिअरची गाडी चालवायला १८ पूर्ण लागतात. तो गाडीवर काही करून बसला तर कलम १९९अ लागते, त्यात गाडीच्या मालकाला किंवा पालकाला २५ हजार दंड अन् ३ वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द होते, अन् त्याला स्वतःला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. गाडी तुझ्या नावावर असली तर हे तुझ्यावर येते. आईबाबांना हे वाचून दाखव. तो रुसेल, दोन दिवस जेवणार नाही, रुसू दे. व्हिडिओ काढायचा शौक आहे ना त्याला, तर त्याला शनिवारी तुझ्यासोबत मागं बसवून ने अन् दारव्हा रोडवर एका टपरीपाशी तासभर उभं राहून सांग की जाणाऱ्या गाड्यांमध्ये किती जणांच्या कानात, हातात, मानेखाली फोन आहे ते मोज. अन् तू ते ब्लूटूथ घरीच ठेवून निघ त्या दिवशी. सरांशी काय बोलणं झालं ते मला नक्की लिहून कळव, त्यांनी ऐकलं नाही तर पुढं काय करायचं ते आपण पाहू.